फर्स्ट एडची पेटी आणि ट्रेनिंग, दोन्ही घेतलं, दोन्हीचा रिव्ह्यू (छोट्या कारखानावाल्यांनी जरूर वाचा)

पेटीला ५ पैकी २ स्टार. ट्रेनिंगला ४, खरं तर साडेतीनच होते पण अर्धा स्टार ट्रेनर सरांच्या भेंडीसाठी दिलाय, ती गोष्ट पुढे येईल.

कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे, शीट मेटलचे छोटे छोटे जॉब, दोन शेड, सगळी मिळून ६४ माणसं, त्यातली जवळजवळ निम्मी ठेकेदाराची. मी एचआर. म्हणजे अ‍ॅडमिन पण मीच, पीएफ-ईएसआयचं चलन पण मीच आणि टॉयलेटचा नळ गळायला लागला तरी फोन मलाच. तर आमच्या साईजच्या कंपनीत ज्या कोणाच्या गळ्यात "मॅडम, ते फर्स्ट एडचं जरा बघून घ्या" पडतं, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. मोठ्या कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर असतो, डॉक्टर असतो, दाराशी अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते, त्यांनी पुढे स्क्रोल केलं तरी चालेल.

पेटीच्या ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. घाबरून नाही हो, तीच पेटी, तोच फोटो, चार वेगवेगळ्या नावांनी ऑनलाईन विकायला आहे, मी एक नाव लिहिलं तर तुम्ही ते टाळून दुसऱ्या नावाची तीच पेटी घ्याल. ट्रेनिंगवाल्यांचं पण नाव देत नाही, कारण त्यांच्याबद्दल चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिणार आहे.

हे सगळं निघालं कशावरून तर मागच्या आषाढीच्या वेळची गोष्ट. सेकंड शिफ्ट, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, एका हेल्परच्या तळव्याला शीटची कड लागली. हिंगोलीकडचा पोरगा, येऊन जेमतेम दीड महिना झालेला, एका हातात ग्लोव्ह होता, दुसरा घामाने ओला झाला म्हणून काढून ठेवलेला. शीटला जो बर (कापलेल्या कडेला राहणारा धारदार काठ) असतो ना तो ब्लेडपेक्षा वाईट, ब्लेडने निदान सरळ कापतं. रक्ताची धार लागली. आता आमच्याकडे पेटी नव्हती असं अजिबात नाही, होती, स्टोअरच्या भिंतीवर, व्यवस्थित लाल प्लसवाली, आणि तिला कुलूप. किल्ली स्टोअरच्या काकांकडे. काका वारीत. म्हणजे पेटी भोसरीत आणि किल्ली पंढरपूरच्या वाटेवर, काकांच्या कोपरीच्या खिशात.

शेवटी हातोडीने कुलूप तोडलं. आत काय निघालं ते मी दुसऱ्या दिवशी स्वतः बघितलं, फोटो पण काढून ठेवलेत. अँटिसेप्टिकची बाटली तळाला चिकटलेली, हलवली तरी आत काही हलेना. कापसाचा रोल एका बाजूने तेलकट. क्रोसिनची रिकामी पाकिटं. बामची डबी, बोटाने खरवडून खरवडून संपवलेली. अगरबत्तीचा पुडा, कारण शेजारीच देवाचा फोटो आहे. आणि खंडेनवमीला मशीनची पूजा करतो तेव्हाचं उरलेलं हळदकुंकू, कागदाच्या पुडीत. बँडेज एकही नाही. मग पोरांनी तेच केलं जे बहुतेक शॉपमध्ये करतात, मशीन पुसायचं कॉटन वेस्ट हाताला गुंडाळलं, वरून काळी इन्सुलेशन टेप मारली आणि बाईकवर मधे बसवून दवाखान्यात. नऊ टाके. बरोबर गेलेला सुपरवायझर सांगत होता की टाके घालायला वेळ लागला नाही तेवढा जखमेतले कॉटन वेस्टचे धागे चिमट्याने वेचायला लागला, आणि पोरगा प्रत्येक धाग्याला "आई गं" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सुरू झाला तो नेहमीचा खेळ. ठेकेदार म्हणतो पेटी कंपनीची, आमचे साहेब म्हणतात माणूस तुझा. मधे मी. मग मी बसले वाचायला, आणि जे सापडलं ते इथे लिहिते कारण पेटी घेताना हे माहीत नसेल तर विकणारा तुम्हाला काहीही सांगतो, आम्हाला पण सांगितलं.

१९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ४५ मध्ये होतं की एका वेळी कामावर असणाऱ्या दर १५० माणसांमागे किमान एक पेटी हवी, ती पूर्ण कामाच्या वेळात चटकन हाताशी येईल अशी हवी, ठरवून दिलेल्या सामानाशिवाय आत दुसरं काहीही ठेवायचं नाही (अगरबत्ती आठवली ना), आणि प्रत्येक पेटी एका जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी ज्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं फर्स्ट एडचं सर्टिफिकेट आहे आणि जो कामाच्या वेळात कायम उपलब्ध आहे. कायम उपलब्ध. म्हणजे वारीला जायचं तर जा बाबा, पांडुरंग पावो, पण मागे दुसरा सर्टिफिकेटवाला माणूस हवा. आणि ५०० च्या वर कामगार असले तर नुसती पेटी नाही, अ‍ॅम्ब्युलन्स रूम लागते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, तो जुना अ‍ॅक्ट ओएसएच कोडमध्ये (कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य बघणारा नवा कायदा) गेला, पण पेटी आणि ५०० वाली रूम त्यातही आहेच, मालक सुटला असं काही झालेलं नाही.

ठेकेदाराच्या भांडणाचं तर उत्तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. पेटी ठेकेदाराने द्यायची, आणि नाही दिली तर मूळ मालकाने द्यायची आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करायचा. म्हणजे भांडायचं असेल तर नंतर पैशावरून भांडा, पेटी आधी. नवीन कोडने तर ते पण मिटवलं, कंत्राटी माणसाच्या या सोयी थेट मूळ मालकाच्याच अंगावर टाकल्या. हे मी साहेबांना प्रिंट काढून दाखवलं. साहेब म्हणाले ठीक आहे, ठेवून जा. प्रिंट अजून त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे, वरून पेपरवेट.

खरं सांगायचं तर साहेबांचं पाकीट नऊ टाक्यांनी उघडलं नाही. उघडलं ते ऑगस्टच्या कस्टमर ऑडिटने. ऑडिटर बाई आल्या, शॉपमध्ये फिरल्या, पेटीसमोर थांबल्या, "रिस्पॉन्सिबल पर्सन कोण?" सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. "काका, सर्टिफिकेट?" काका म्हणाले मॅडम मी बारावी आहे. झालं, एनसी पडली. एनसी म्हणजे कस्टमरकडून लेखी शेरा, तीस दिवसांत क्लोज करायचा. त्याच संध्याकाळी मला फोन, "मागवून टाका ती पेटी, चांगली मागवा, ट्रेनिंगचं पण बघा."

तर आता पेटी.

ऑनलाईन "इंडस्ट्रियल फर्स्ट एड किट, १२० पीस, फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे" अशी मागवली, १,८५० रुपये. १२० हा आकडा कसा येतो ते मी जमिनीवर सगळं पसरून मोजलं. बँडेड ५०. अल्कोहोलचे ते छोटे चौकोनी पुसायचे कागद २०. कानात घालायच्या कापसाच्या काड्या २०. सेफ्टी पिना १२. झाले इथेच १०२. म्हणजे प्रेस शॉपमध्ये जे लागतं ते सगळं उरलेल्या १८ मध्ये. गॉज पीस ४, इतके पातळ की पलीकडचं दिसतं. दोन इंची रोलर बँडेज ४, ओढलं की दोरी होते. जखमेवर दाब देऊन बांधता येईल असं मोठं ड्रेसिंग एकसुद्धा नाही. ग्लोव्ह्जची एक जोडी, स्मॉल साईज, आमच्या ऑपरेटरचे हात बघा एकदा, त्यांच्या अंगठ्यालाच ती साईज येईल. बर्न क्रीमच्या सॅशे, केचपच्या असतात ना तशा, पण त्याहून लहान. कात्रीने कागद कापला जातो, बँडेज चावलं जातं. पँटचं कापड, विसराच.

आणि सगळ्यात भारी म्हणजे साप चावल्यावर वापरायचं लॅन्सेट आणि पोटॅशियम परमँगनेटची पुडी! मला वाटलं चुकून आलंय. पण नाही, १९७१ च्या कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांतल्या यादीत या दोन्ही गोष्टी खरंच होत्या, तिथून उचलून टाकलंय. साप चावल्यावर चिरा मारू नका हे आता गावातल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पण रंगवलेलं असतं, आणि इथे पेटीत चिरा मारायचं हत्यार. ते मी त्याच दिवशी काढून टाकलं. कायद्याची यादी पूर्ण असणं आणि पेटी कामाची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि ऑडिटर फक्त पहिली बघतो.

एक्सपायरी बघा, डिलिव्हरी आली त्याच दिवशी बघा. आमच्या आयोडीनच्या बाटलीला सात महिने राहिलेले. माहितीपत्रक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. आमच्याकडे अर्धी पोरं मराठवाड्याची, अर्धी यूपी-बिहारची, आणि रक्त वाहत असताना कोण चष्मा लावून इंग्रजी वाचणार आहे. भिंतीवर लावायचा प्लास्टिकचा हुक दुसऱ्या दिवशी तुटला. रिटर्न टाकलं तर म्हणे हायजिन प्रॉडक्ट आहे, उघडलं की रिटर्न नाही. न उघडता कसं कळणार आत काय आहे?

दोन स्टार कशाचे? एक बँडेडचा, चिकटतात चांगले. एक पेटीला कुलूपच नाही त्याचा.

मग मी काय केलं, सदाशिव पेठेत होलसेल मेडिकलवाल्यांकडे गेले, यादी घेऊन, आणि स्वतः भरलं. गल्लीत पार्किंग मिळालं नाही ते सोडा, पण अर्ध्या तासात सगळं मिळालं. पत्र्याच्या तीन पेट्या आधीच इथल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतल्या होत्या, हिरव्या, वर पांढरा प्लस. हिरव्या का, तर लाल क्रॉसचं चिन्ह १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन कायद्याने राखीव आहे, आपण कुठेही रंगवायचं नसतं, आणि गंमत म्हणजे जुन्या सरकारी नियमांतच पेटीवर लाल क्रॉस काढा म्हणून लिहिलंय. हे मला ट्रेनर सरांनी सांगितलं, ऑडिटरला सांगितलं तर ती पण हसली. आत काय, तर वेगवेगळ्या साईजची स्टराईल ड्रेसिंग, जाड गॉज, चार आणि सहा इंची बँडेज, तिकोनी पट्ट्या, कागदी टेप, सलाईनच्या छोट्या बाटल्या, मीडियम आणि लार्ज ग्लोव्ह्जचे खोके, कापड कापायची वाकडी कात्री, झिपवाल्या स्वच्छ प्लास्टिक पिशव्या (या कशाला ते भेंडीपाशी सांगते). गोळ्या एकही नाही. हे पोरांना आवडलं नाही. पेटी म्हणजे डोकेदुखीची गोळी असंच समीकरण आहे, पण कोणाला कशाची अ‍ॅलर्जी, कोणाला अ‍ॅसिडिटी, मी डॉक्टर नाही. एका पेटीला साधारण २,३०० पडले, पत्र्यासकट. म्हणजे ऑनलाईनपेक्षा साडेचारशे जास्त, आणि त्यात हात खरंच बांधता येतो.

कायद्याने ६४ माणसांना एक पेटी पुरते. पण आमच्या दोन शेडच्या मधे रस्ता आहे आणि पावसात तिथे गुडघाभर पाणी साचतं. म्हणून प्रत्येक शेडला एक आणि एक टेम्पो उभे राहतात तिथे, कारण लोडिंगवाल्यांची बोटं पत्र्यात सापडतात आणि त्यांचा विचार कोणीच करत नाही.

आता ट्रेनिंग. एक दिवस, २० माणसं, १४,००० रुपये, चहा-जेवण आमचं.

सकाळ वाया गेली. स्पष्ट लिहिते. दहा ते साडेबारा पीपीटी, इंग्रजी स्लाईड, हृदयाचे चार कप्पे, सांगाड्यात हाडं किती, फर्स्ट एडचा इतिहास. थर्ड शिफ्ट करून आलेले दोघं मागे बसून झोपले, मी उठवलं नाही, मलाच झोप येत होती. ही सकाळची बाई एजन्सीच्या ऑफिसमधली होती, ट्रेनर नव्हे, हे नंतर कळलं. सर दुसऱ्या कंपनीतलं आटपून जेवायच्या वेळेला पोचले. हे बुकिंगच्या वेळी सांगितलं नव्हतं, म्हणून एक स्टार कापला.

पण जेवणानंतर जे झालं ते खरं ट्रेनिंग. सर पन्नाशीचे, पूर्वी बरीच वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर काम केलेले, आवाज खणखणीत, अर्धं मराठी अर्धं हिंदी. आल्या आल्या पीपीटी बंद केली आणि विचारलं, "तुमच्याकडे रक्त आलं की काय लावता?" पोरं लाजत लाजत सांगायला लागली. हळद. चुना. तंबाखू, एकाने तर खिशातून पुडी काढून दाखवली. भाजल्यावर टूथपेस्ट. वेल्डिंगची आर्क डोळ्याला लागली की बटाट्याचा काप. फिट आली की चप्पल नाहीतर कांदा. डोळ्यात चिप (धातूची कपची) गेली की दहा रुपयाच्या नोटेच्या कोपऱ्याने काढायची, त्यात आमचा एक ग्राइंडरवाला एक्स्पर्ट आहे, शेजारच्या कंपनीतून पण त्याच्याकडे माणसं येतात! सरांनी कोणाला हसलं नाही हे मला आवडलं. एकेक घेत गेले. हळद-तंबाखू का नको, कारण डॉक्टरला ते सगळं खरवडून काढावं लागतं, आणि इथे सगळ्यांनी त्या हिंगोलीच्या पोराकडे बघितलं, तो पहिल्या रांगेत बसला होता, तळवा उलटा करून. भाजल्यावर काय, तर नळाखाली धरायचं, वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस, सरांनी मोबाईलवर टायमर लावून एकाचा हात खरंच नळाखाली धरायला लावला आणि पुढचं शिकवत राहिले, वीस मिनिटं किती लांब असतात ते सगळ्यांना कळलं. चिप रुतली असेल तर हात लावायचा नाही, चोळायचं नाही, डोळा झाकून डॉक्टरकडे. नोटवाला एक्स्पर्ट जरा नाराज झाला.

रक्त थांबवायला एकच गोष्ट, स्वच्छ कापड आणि दाब. पहिलं ड्रेसिंग भिजलं तर काढून बघायचं नाही, वरून दुसरं ठेवायचं. सगळ्यांना हा मोह असतो, उचलून बघायचा, थांबलं का. भाकरी आहे का ती उलटून बघायला, असं सर म्हणाले.

मग भेंडी. आमचं पॉवर प्रेसचं काम, बोट तुटण्याची भीती कायम. सरांनी कँटीनच्या मावशींकडून एक भेंडी मागितली, सुरीने टचकन कापली आणि कापलेला तुकडा एकाच्या हातात दिला, "हे तुझ्या दोस्ताचं बोट. काय करशील?" तो म्हणाला बर्फात टाकणार. दुसरा म्हणाला पाण्यात. तिसरा म्हणाला खिशात. सर म्हणाले, खिशात घेऊन आलेले मी बघितलेत, आणि तिथेच विसरून आलेले पण बघितलेत, मग कोणीतरी परत बाईक मारत कंपनीत येतं आणि प्रेसच्या डायखाली (साच्याखाली) शोधत बसतं. बरोबर काय, तर तुकडा सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लावायचा नाही, बोट गारठून खराब होतं. आणि पिशवी पेशंटबरोबरच जायला हवी, मागून दुसऱ्या गाडीने नाही. प्रत्येकाकडून हे करून घेतलं, वीस भेंड्या लागल्या, संध्याकाळी मावशी विचारत होत्या उद्याच्या भाजीचं काय. मी त्या दिवशी घरी भेंडी केली नाही.

सीपीआरला (हृदय बंद पडलं की छाती दाबत राहायचं ते) पुतळा एकच आणला होता, वीस जणांत एक. रांग लागली, प्रत्येकाला जेमतेम दीड मिनिट. हे चूक आहे, १४,००० घेता तर निदान दोन पुतळे आणा. पण शिकवलं नीट. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटीमीटर खाली, मिनिटाला १०० ते १२०. पोरांना वेग सापडेना तेव्हा सरांनी टेबलावर ठेका धरला, ढोल पथकात असलेला आमचा एक ऑपरेटर लगेच उठला, त्याने पत्र्याच्या डब्यावर तोच ठेका धरला आणि मग सगळ्यांचे हात बसले. करून बघा एकदा, दोन मिनिटांत घाम फुटतो. म्हणून एकाने करत राहायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा, आणि तिसऱ्याने गेटवर जाऊन उभं राहायचं, कारण एमआयडीसीत प्लॉट नंबर शोधता शोधता अ‍ॅम्ब्युलन्स दोन चकरा मारते. गेटवर माणूस उभा करायचं आमच्या डोक्यात कधीच आलं नसतं. आता फोनजवळ आमचा पूर्ण पत्ता, ब्लॉक, प्लॉट आणि समोरच्या वजनकाट्याची खूण मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलीय. शॉक लागला असेल तर आधी मेन पाडायचा, माणसाला नंतर हात लावायचा, हे तर माहीतच असतं सगळ्यांना, पण मेन कुठे आहे विचारलं तर वीसपैकी सहा जणांना माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं. (साहेब पाच मिनिटं येऊन गेले, फोटोपुरते. ४ मार्चला सेफ्टी डेच्या बॅनरवर तोच फोटो होता.)

आता सर्टिफिकेटची गोष्ट, बुकिंग करणाऱ्यांनी हे नीट वाचा. संध्याकाळी एजन्सीचा फोन, "मॅडम अजून पाच-सहा नावं द्या ना, हजर नसले तरी चालतील, सर्टिफिकेट पाठवून देतो, ऑडिटला बरं दिसतं." मी नाही म्हणलं. पण विचार करा, म्हणजे किती कंपन्यांच्या फायलीत अशी सर्टिफिकेटं असतील. आणि दुसरं, हे सर्टिफिकेट राज्य सरकारला मान्य आहे का असं मी आधी तीनदा विचारलं होतं, तीनदा "हो हो मॅडम, आयएसओ आहे" हे उत्तर. आयएसओ म्हणजे मान्यता नव्हे. शेवटी पेटीचे जे चार जबाबदार, प्रत्येक शिफ्टला एक आणि एक जादा, त्यांना मी वेगळं फर्स्ट एड शिकवणाऱ्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सच्या कोर्सला पाठवलं. तुम्ही बुकिंगच्या आधीच मान्यतेचं पत्र ईमेलवर मागा. मिळालं नाही तर ट्रेनिंग घ्या, चांगलंच आहे, पण कायद्यातला तो जबाबदार माणूस त्यातून तयार होत नाही.

त्या चारांत काका पण आहेत. वय ५६, पहिल्यांदा नाही म्हणाले, मग गेले, परीक्षेत पास झाले आणि आता पेटीची यादी महिन्याच्या एक तारखेला तपासून सही करतात. सही एवढी मोठी की रजिस्टरच्या दोन ओळी खाते.

पैसे वसूल झाले का? जानेवारीत पार्ट धुवायच्या टाकीतलं कॉस्टिकचं (कातडी भाजणाऱ्या क्षाराचं) पाणी एका हेल्परच्या डोळ्यात उडालं. मी ऑफिसात होते, आरडाओरडा ऐकून खाली गेले तर नोटवाला एक्स्पर्ट, तोच, त्या पोराची मान नळाखाली धरून उभा. पोरगा ओरडतोय बास बास, हा म्हणतोय अजून अकरा मिनिटं, आणि शेजारी एक जण मोबाईलवर टायमर धरून. पूर्ण वीस झाल्यावरच दवाखान्यात नेलं, वाटेत रिक्षात पण सलाईनची बाटली ओतत होते. डॉक्टर म्हणाले धुतलं म्हणून वाचला. पोरगा चार दिवसांनी कामावर. तो अठ्ठेचाळीस तासांच्या वर घरी बसला म्हणून मी अपघाताची नोटीस रीतसर पाठवली, ईएसआयचा रिपोर्ट पण. त्यावर "कशाला उगाच" असं वरून ऐकावं लागलं, पण आता वरच्यांना पण माहीत आहे की मी काचेखालची प्रिंट वाचलेली आहे.

अजून तक्रार एकच राहिली. पेटीला कुलूप नाही म्हणून बँडेड उडतात, महिन्याला शंभरेक तरी. घरी नेतात, मला माहीत आहे, एकाच्या पोरीच्या गुडघ्यावर आमचाच बँडेड मी स्वतः बघितलाय. साहेब म्हणाले कुलूप लावा. मी म्हणलं शंभर बँडेड किती रुपयांचे, आणि ते पुन्हा बोलले नाहीत.

दुसरी बॅच दिवाळीनंतर घेतोय, नाईट शिफ्टवाल्यांची. सर पूर्ण दिवस येणार, पीपीटी नाही, पुतळे दोन, असं एजन्सीकडून ईमेलवर लेखी घेतलंय. नाही आले तर इथेच अपडेट टाकते आणि स्टार कमी करते. भेंड्या आम्ही आणू.